जन्मस्थानाचा रकाना

रायपूरला बदली झाली, तेव्हा कचेरीतील एका सहकाऱ्याच्या खटपटीने मला ब्राह्मणपाऱ्यात दोन खोल्यांचे बिऱ्हाड मिळाले. 'पारा' म्हणजे आपली आळी. जवळच कंकाली तलाव, थोडे पुढे आझाद चौक, आणि आणखी चार पावले चालले की तात्यापारा. हे नाव प्रथम कानी पडले तेव्हा परमुलखात कोणी घरच्याने हाक मारावी तसे वाटले. नागपूरकर भोसल्यांचा अंमल ह्या मुलखावर होता. पुढे १९५६ पर्यंत राजधानीही नागपूरच होती. तेव्हा आपण येथे काही अगदीच परके नाही, असे मी मनाला बजावीत असे. बदलीच्या गावी गेलेला प्रत्येक मराठी नोकरदार असे काही ना काही मनाला बजावीत असतो. वाचकांपैकी अनेकांना हा अनुभव असेल.

माझ्या समोरच्या घरात एक वृद्ध बंगाली गृहस्थ राहतात. सारी गल्ली त्यांना इंजिनिअरबाबू म्हणते. मी प्रथम 'बाबूजी' म्हणे. पुढे त्यांच्या पत्नीने, 'आमच्यात काकाबाबू म्हणतात,' असे सांगून नाते पक्के करून टाकले. ते मला 'बाबा' म्हणू लागले. बंगाली वडीलधारी माणसे लेकराबाळांना 'बाबा' म्हणतात हे मला ठाऊक नव्हते, त्यामुळे पहिल्या दिवशी मी दचकलोच. पाटबंधाऱ्यांच्या सरकारी खात्यात चाळीस वर्षांच्या आसपास नोकरी करून ते निवृत्त झाले. पण खाते सुटले तरी पाणी सुटलेले नाही. गल्लीतील गटाराचे नवे सिमेंट चालू असताना हे हातात काठी घेऊन उभे राहतात आणि मजुरांना सांगतात, 'अरे, येथे दोन बोटे उंच झाले, पाणी मागे फिरेल.' कोणी ऐकत नाही. पावसाळ्यात पाणी मागे फिरते. मग ते कोणालाही काही बोलत नाहीत, केवळ पाण्याकडे पाहत ओट्यावर उभे राहतात.

गेल्या उन्हाळ्यातील एका रविवारी ते हातात कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. त्यांना पारपत्र काढावयाचे होते. मुलगा दूरच्या शहरी, आणि अर्ज हल्ली संगणकावर भरावा लागतो. तेव्हा हे काम माझ्याकडे. अर्ज भरणे हा माझा व्यवसायच आहे, किंबहुना ती एकच विद्या मला खात्रीने येते. नाव झाले, वडिलांचे नाव झाले, जन्मतारीख झाली. जन्मस्थानाच्या रकान्यापाशी मी शाळेचा दाखला उघडला. त्यात स्वच्छ अक्षरात लिहिले होते: माना, जिल्हा रायपूर. मी टंकू लागलो, तोच काकाबाबूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

'ते खरे नाही, बाबा.'

ज्यांना रायपूर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगावयास हवे. विमानाने रायपूरला उतरलेला मनुष्य वस्तुतः मानालाच उतरतो. आजचा स्वामी विवेकानंद विमानतळ त्याच माळावर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे धावपट्टी आणि बराकी झाल्या, युद्ध संपले आणि त्या ओस पडल्या. पुढे पूर्व पाकिस्तानातून येणाऱ्या निर्वासितांना ठेवण्यासाठी त्या उपयोगास आल्या. १९६३ च्या डिसेंबरअखेर श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातील पवित्र अवशेष नाहीसा झाला. आठवड्याभरात तो सापडलाही. पण तोवर त्याची झळ हजाराहून अधिक मैलांवरील खुलन्याला लागली होती. १९६४ च्या जानेवारीत तेथे दंगे झाले, आणि खुलना, जेसोर, बारिसालकडील माणसे, बहुतेक नमःशूद्र शेतकरी आणि कोळी, सीमा ओलांडू लागली. बंगालमध्ये जागा नाही म्हणून त्यांना आगगाड्यांत बसवून मध्य प्रदेशात आणण्यात आले. माना, माना-भाठा, कुरूद, नवागाव, केंद्री अशी छावण्यांची एक मालिकाच रायपूरच्या दक्षिणेस उभी राहिली. 'भाठा' म्हणजे ह्या भागात तांबडी मुरमाड जमीन, आपल्याकडील माळ.

काकाबाबू तेव्हा दहा वर्षांचे होते. त्यांचे गाव खुलना जिल्ह्यातील दाकोपकडचे, पशुर नदीच्या काठचे. तेथे शाळेत जायचे ते नावेने, बाजाराला जायचे ते नावेने, आणि मावशीकडे जायचे तेही नावेने. गाव सोडले तेही नावेनेच, रात्री. आजी आली नाही. घरामागच्या तळ्यातील मासे कोण पाहील, असे ती म्हणाली. काकाबाबू हे सांगताना हसतात, कारण त्या वेळी ते त्यांना अगदी योग्य कारण वाटले होते.

मानाला उतरल्यावर त्यांनी वडिलांना विचारलेला पहिला प्रश्न, नदी कोठे आहे, हा होता. वडिलांनी उत्तर दिले नाही. तंबूत जागा मिळाली. तो उन्हाळा ते फारसा वर्णन करीत नाहीत. धाकटी बहीण त्या उन्हाळ्यात गेली, एवढे सांगून ते चहाचा पेला खाली ठेवतात. मग शाळा निघाली. मुलांची नावे घेताना हेडमास्तरांनी जन्मस्थानाच्या जागी ज्याच्या त्याच्यापुढे 'माना' लिहून टाकले. दुष्टपणाने नव्हे. शंभर मुलांची शंभर गावे, तीही परदेशातील, ऐकून लिहिण्यापेक्षा हे सोपे होते. मी कारकून आहे. त्या मास्तरांची मला कीव येते आणि त्यांचे मन मला चांगले कळते.

बराकी हा शब्द निघाला की मला माझे कोल्हापूर आठवते. आमच्या गावापासून दोन-तीन कोसांवर वळिवडे. तेथे १९४३ ते १९४८ ह्या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. रशियाने पूर्व पोलंडातून त्यांना सैबेरियात नेले होते. १९४१ साली सुटका झाल्यावर ते इराणात आले, आणि तेथून कराचीमार्गे पंचगंगेच्या मुलखात. बहुतेक बायका आणि मुले. माझी आजी लहानपणी आपल्या आईबरोबर तेथे भाजी विकावयास जाई. पोलिश बायका बोटांनी भाव करीत आणि 'किती' हा शब्द त्यांनी कसा उचलला होता, ह्याची ती शेवटपर्यंत नक्कल करी. त्या छावणीत शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत, बालवीरांची पथके होती. युद्ध संपल्यावर ती मुले इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, पोलंड अशी पांगली. कोणी इंजिनिअर झाले, कोणी डॉक्टर, कोणी मास्तर. म्हातारपणी ती पुन्हा कोल्हापूर पाहावयास येत. शहरात त्यांचे स्मारक आहे. वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी त्यापुढे पुष्पचक्र वाहिले, तेव्हा मी ते दृश्य येथे ब्राह्मणपाऱ्यात बसून मोठ्या अभिमानाने पाहिले. पोलिश गेले आणि त्याच बराकींत फाळणीने देशोधडीस लागलेले सिंधी आले. कापडाच्या पेठेमुळे प्रसिद्ध झालेले गांधीनगर ते हेच. मी काकाबाबूंना हे सारे सांगितले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि एकच विचारले: 'त्या पोलिश मुलांच्या दाखल्यावर जन्मस्थान काय लिहीत होते?'

मला सांगता आले नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता.

दहा वर्षांचा छावणीतला मुलगा इंजिनिअर कसा झाला, ही गोष्ट मात्र ते मोठ्या आवडीने सांगतात. छावणीत पाण्याचे नळ टाकण्यासाठी एक ओव्हरसिअर तिवईवर दुर्बीण मांडून जमिनीची पातळी मोजत असे. लांबवर आकड्यांची उंच पट्टी धरून उभे राहावयास त्याला एक पोरगा लागे. ते काम काकाबाबूंना मिळाले. दिवसाला काही पैसे मिळत, पण खरा मोबदला निराळाच होता. एकदा ओव्हरसिअरने त्यांना दुर्बिणीस डोळा लावू दिला. जुन्या पद्धतीच्या त्या दुर्बिणीत सारे उलटे दिसे: पट्टी उलटी, आकडे उलटे, वर जमीन आणि खाली आभाळ. 'उलटे दिसते म्हणून घाबरायचे नाही,' ओव्हरसिअर म्हणाला, 'उलटेच वाचायला शिकायचे. आकडा बरोबर असतो.' ह्या वाक्याने आपण इंजिनिअर झालो, असे काकाबाबूंचे म्हणणे आहे. मला वाटते, त्या भाठ्यावर कोणीतरी पाणी कोठून कोठे जाईल ह्याचा विचार करीत होते, ह्याचेच त्या नदीकाठच्या मुलाला अप्रूप वाटले असावे.

लेव्हलच्या वहीचा एक नियमही त्याच ओव्हरसिअरने शिकविला. वहीत लिहिलेला आकडा खोडरबराने पुसावयाचा नाही. चूक झाली तर त्यावर एक रेघ मारावयाची, शेजारी बरोबर आकडा लिहावयाचा आणि सही करावयाची. चूकही दिसली पाहिजे. नोकरीतील अशा काही वह्यांच्या नकला काकाबाबूंनी अजून जपून ठेवल्या आहेत. मी त्या पाहिल्या. रेघा आहेत, सह्या आहेत. पुसल्याचा डाग कोठेही नाही.

ते मॅट्रिक झाले ते १९७१ साली. त्या वर्षी पूर्व बंगालातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली आणि माना पुन्हा भरून वाहू लागले. सोव्हिएत रशियाची मालवाहू विमाने निर्वासितांना घेऊन त्या जुन्या धावपट्टीवर उतरत. ज्यांना बंगाली लिहिता-वाचता येते अशी छावणीतील मुले याद्या करावयास बसविली होती. त्यांत हेही होते. यादीत गावाचा रकाना होता. काकाबाबू प्रत्येकाला गाव दोनदा विचारीत, आणि उच्चार नीट कळला नाही तर तिसऱ्यांदा. मागे रांग वाढे, वरचा अधिकारी रागावे. त्या वर्षीची बहुतेक माणसे बांगलादेश झाल्यावर परत गेली. १९६४ ची माणसे मात्र परत जाणारी नव्हती.

रायपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. खनिकर्म आणि धातुशास्त्र शिकविण्यासाठी निघालेल्या ह्या महाविद्यालयाची कोनशिला १९५६ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी बसविली होती आणि १९६३ साली नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले होते. २००५ पासून ते राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थान झाले आहे. काकाबाबू मानाहून सायकलने येत. मधल्या काळात आईवडिलांना छावणीतून उचलून बस्तरमधील पारलकोटला जमीन देण्यात आली होती.

पारलकोट हा दंडकारण्य प्रकल्पाचा एक भाग. १९५८ साली केंद्र सरकारने बस्तर, कोरापूट आणि कालाहंडी ह्या जिल्ह्यांत जंगल तोडून निर्वासितांची गावे वसविण्याचे ठरविले, त्याचे हे नाव. दंडकारण्य म्हटले की आपल्याला पंचवटी आठवते. आमच्या घरी गणपतीच्या पूजेच्या संकल्पात वडील दरवर्षी दंडकारण्याचा उच्चार करीत, आणि मी हातात अक्षता धरून ते जवळच कोठेतरी असावे असे समजत असे. खुलन्याच्या ह्या शेतकऱ्यांना मात्र दंडकारण्य म्हणजे वनवास हाच अर्थ ठाऊक होता, आणि तो त्यांना सरकारी पत्राने कळविण्यात आला होता. तेथील नव्या गावांना नावे नव्हती, आकडे होते. पारलकोट व्हिलेज अमुक, पारलकोट व्हिलेज तमुक; थोडक्यात पी. व्ही. आणि पुढे आकडा. आजही पाखांजूरच्या बाजूला माणसे आपले गाव असेच सांगतात. त्या आकड्याच्या घरात वडिलांनी नागरिकत्वाच्या नोंदणीचा कागद एका पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. पेटीला खाली भोक होते. वाळवीने कागद खाल्ला. १९७८ साली दंडकारण्यातील हजारो कुटुंबे जमीनजुमला टाकून सुंदरबनाकडे निघाली, मरीचझांपी बेटावर वसली, आणि पुढच्या वर्षी त्यांना तेथून बळाने हाकलण्यात आले. त्यांत काकाबाबूंचे धाकटे काका होते. ते परत आले नाहीत.

त्याच सुमारास काकाबाबू नव्या नोकरीत, धमतरीजवळ गंगरेलला होते.

महानदीवरील हे धरण, रविशंकर सागर, रायपूरच्या माणसाला अभिमानाचे आहे. १९७२ साली इंदिरा गांधींच्या हस्ते कोनशिला बसली आणि १९७८-७९ च्या सुमारास काम पुरे झाले. चौदा दरवाजे, छत्तीसगडातील हे सर्वांत लांब धरण. भातशेतीला पाणी त्याचे, भिलाईच्या पोलाद कारखान्याला पाणी त्याचे, आणि मी सकाळी नळाखाली धरतो त्या बादलीशीही त्याचा संबंध आहेच. धरणाच्या पोटात पन्नासांहून अधिक गावे गेली, बहुतेक गोंड आदिवासींची. त्या गावांची देवी अंगारमोती. तिचेही स्थान पाण्याखाली जाणार म्हणून तिला उचलून धरणाच्या काठी आणून बसविले. देवीचेही पुनर्वसन झाले, असे काकाबाबू म्हणतात. हा शब्द ते फार जपून उच्चारतात.

तरुण उपअभियंत्याचे काम सोपे होते. धरण भरल्यावर पाणी जेथवर चढेल त्या उंचीची रेषा शेतांतून, अंगणांतून, देवळांच्या पायऱ्यांवरून आखीत जावयाचे आणि दर ठरावीक अंतरावर चुन्याने रंगविलेला दगड पुरावयाचा. पाण्याला जात कळत नाही, वतन कळत नाही. त्याला केवळ उंची कळते. कोणाचे घर दगडाच्या वर राही, गोठा खाली. एके दुपारी एका अंगणात दगड पुरला जात असताना घरची म्हातारी बाहेर आली. ती रडली नाही, भांडलीही नाही. तिने ह्यांना पाणी दिले आणि विचारले, 'तोर गाँव कहाँ हे, बाबू?'

'मी म्हणालो, माना,' काकाबाबू सांगू लागले. 'खुलना सांगितले असते तर तिला कळले नसते. छावणी म्हणवेना. म्हणून माना म्हणालो. तेव्हा ती म्हणाली, माना? मग काय, जवळच आहे. तू तर संध्याकाळी घरी जाशील.'

त्यांनी पाणी पिऊन पेला परत दिला आणि पुढचा दगड पुरावयास गेले. रेषा बरोबर होती. पुढच्या पावसाळ्यांत पाणी तेथवरच चढले, एक बोट अधिक नाही की उणे नाही.

हे सारे मला त्या एका रविवारी कळले नाही. अर्ज बाजूला पडला आणि अनेक संध्याकाळी ओट्यावर बसून तुकड्यातुकड्याने कळत गेले. त्या रविवारी मी काय बोललो ते लिहिणे भाग आहे. मी म्हणालो, 'काकाबाबू, दाखल्यावर माना आहे, सेवापुस्तकात माना आहे, पेन्शनच्या कागदांत माना आहे. माना लिहा. खुलना लिहिलेत तर विचारतील, कधी आलात, नागरिक कसे झालात, तो कागद दाखवा. कागद वाळवीने खाल्ला म्हणून सांगणार? माना लिहा आणि खुशाल जाऊन या. तेथे गेल्यावर कोण पाहते तुमचा जन्म कोठे झाला ते?'

सल्ला अचूक होता. कोणत्याही अनुभवी कारकुनाने हाच दिला असता, आणि आजही कोणी विचारले तर मला दुसरा सुचणार नाही. काकाबाबूंना दाकोपला जाऊन घरामागचे ते तळे एकदा पाहावयाचे आहे; त्यासाठीच तर पारपत्र. आणि मी त्यांना सांगत होतो की दाकोपला जाण्याची वाट दाकोप पुसल्यावाचून मिळावयाची नाही.

'पुसायचे नाही, बाबा,' ते म्हणाले. 'रेघ मारून शेजारी लिहिण्याची सोय आहे का ह्यात?'

संगणकावरील अर्जात तशी सोय नाही. अर्ज अर्धा भरून तसाच साठवून ठेवला आहे. अधूनमधून मी तो उघडतो. जन्मस्थानाच्या रकान्यापुढे तांबडी खूण दिसते, हा रकाना भरणे आवश्यक आहे असे खाली येते, आणि मी तो मिटतो.

दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी गंगरेलला अंगारमोतीची मडई, म्हणजे जत्रा, भरते. बुडालेल्या गावांचे लोक तेथे एकत्र येतात. काकाबाबू दरवर्षी जातात. काकीमा म्हणाल्या, 'गुडघे दुखतात, ह्या वर्षी तुम्ही बरोबर जा.' मी रजा टाकली. बसने धमतरी, तेथून पुढे रिक्षा. गर्दी अफाट होती. गावोगावचे देव, काठ्या, निशाणे, डांग घेऊन माणसे नाचत होती. काकाबाबू देवीपुढे क्षणभर उभे राहिले आणि मग गर्दीपासून दूर, जेथून पाणी दिसते अशा बाजूस जाऊन बसले. आपली ही नेहमीची जागा आहे, असे त्यांनी सांगितले नाही, पण ते मला कळले.

शेजारी पोते अंथरून एक म्हातारा लाह्या विकत होता. वयाने काकाबाबूंच्याच आगेमागे. मी दहा रुपयांच्या लाह्या घेतल्या. त्याने काकाबाबूंकडे निरखून पाहिले आणि ह्या मडईत प्रत्येक जण प्रत्येकाला विचारतो तेच विचारले, 'कोन गाँव के?'

मी काकाबाबूंच्या तोंडाकडे पाहिले. बराच वेळ ते पाण्याकडे पाहत होते.

'दाकोप,' ते म्हणाले.

म्हाताऱ्याने ते नाव एकदा पुटपुटून पाहिले. वरच्या अंगाची, खालच्या अंगाची सारी बुडालेली गावे तो मनातल्या मनात मोजीत असावा. हे नाव त्याला सापडले नाही. 'ओहू बूड़गे का?' त्याने विचारले. तेही बुडाले का?

'नाही,' काकाबाबू म्हणाले. 'ते आहे.'

म्हाताऱ्याने मान डोलावली, पोते थोडे ओढून घेतले आणि त्यांना बसावयास जागा करून दिली.